घरच्या माणसाचं करणाऱ्यांसाठी विसावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आमच्या छोट्या गटाच्या फोनवर नि व्हॉट्सॲपवर सतत येत असतात. गटातल्या प्रत्येकाने घरातल्या कुणाचं तरी केलंय, काही जण अजून करताहेत. मी सासूबाईंचं सात वर्षं केलं. त्यांना पार्किन्सन्स होता, शेवटची तीन वर्षं विसरभोळेपणाच्या पार पलीकडे गेल्या होत्या. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत, फक्त नावगाव काढलंय. आपल्या कामाचं तेवढं वाचून उठलात तरी चालेल, तुमच्या हातात वेळ किती असतो ते ठाऊक आहे.

१. रेस्पाइट केअर म्हणजे नेमकं काय? वृद्धाश्रमाचंच नवीन नाव ना?

नाही. वृद्धाश्रमात माणूस राहायला जातो. इथे तो परत येणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि सगळी सोय असते ती त्याचं करणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून. चार तास, एक रात्र, दहा दिवस, तेवढ्यापुरतं दुसरं कुणी करतं. तुम्ही झोपता, भाचीच्या लग्नाला जाता किंवा वर्षभर टाळलेलं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकता.

आम्ही याला विसावा म्हणतो. वारीत पालखी वाटेत थोडा वेळ टेकते तो विसावा, रात्री राहते तो मुक्काम. खाली हेच दोन शब्द वापरलेत. काही तासांचा तो विसावा, रात्रीचा किंवा जास्त दिवसांचा तो मुक्काम. दोन्हींची तयारी वेगळी असते. हॉस्पिस, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात वेदना आटोक्यात ठेवणारी शुश्रूषा, ही तिसरीच गोष्ट, त्यासाठी प्रश्न १० पाहा.

२. आपल्याकडे हे मिळतं तरी कुठे? नेटवर शोधलं की सगळं परदेशातलंच येतं.

'रेस्पाइट' अशी पाटी क्वचितच दिसेल, पण दुसऱ्या नावांखाली बरंच काही आहे. घरीच हवं असेल तर रुग्णाचं करायला माणूस पाठवणाऱ्या ब्यूरोच्या मावशी किंवा मामा (प्रश्न ४). दिवसा बाहेर ठेवायचं तर डे केअर. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने असं केंद्र चालवलंय. १९९२ पासून काम करणाऱ्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा आहेत. तुमच्या शहरात काय आहे ते तिथे विचारा. मुक्कामासाठी 'असिस्टेड लिव्हिंग' किंवा 'शुश्रूषा केंद्र' अशा पाट्या शोधा.

फोनवर 'रेस्पाइट आहे का' असं विचारलंत तर पलीकडचा गोंधळतो. सरळ विचारा: पंधरा दिवसांसाठी ठेवता का, कमीत कमी किती दिवसांचे पैसे घेता, डिपॉझिट किती, त्यातलं परत किती आणि कधी. रात्री किती रुग्णांमागे किती माणसं जागी असतात, हा प्रश्न शेवटी विचारा. तिथे उत्तर अडखळलं तर पुढचा फोन लावा.

३. सासूबाई तशा चालत्याफिरत्या आहेत, फक्त विसरतात. एवढ्यात मला विसाव्याची गरज आहे असं म्हणणं आगाऊपणा नाही का?

अंथरुणाला खिळलेल्या माणसापेक्षा चालतंफिरतं विसरणारं माणूस जास्त दमवतं. खिळलेलं माणूस निदान जिथे ठेवलं तिथे सापडतं.

माझ्या लक्षात आलं ते एका सकाळी. ओट्यावर दोन वाट्या होत्या, एकीत त्यांची गोळी, दुसरीत माझी बीपीची. त्यांची मी गिळली आणि माझी त्यांच्या ओठाला लावली. शेजारच्या खोलीत लेकाने कुकरची शिट्टी मोजली म्हणून मी भानावर आले, नाहीतर गेलीच होती पोटात. त्या आठवड्यात मी सलग तीन तास एकदाही झोपले नव्हते. ते मला मोजायला लागल्यावर कळलं.

तेव्हा मोजा. रात्री किती वेळा उठता, शेवटचं एकटं घराबाहेर कधी पडलात, स्वतःच्या तपासण्या किती महिने पुढे ढकलल्या, साध्या प्रश्नावर किती वेळा ओरडलात. यातल्या दोन गोष्टी जरी खटकल्या तरी आठवड्याला चार तासांपासून सुरुवात करा. कोसळल्यावर घेतलेला विसावा घाईत घेतला जातो, आणि घाईत माणूस चुकीच्या ठिकाणी ठेवलं जातं.

४. ब्यूरोतून मावशी घ्यायच्या तर आधी काय काय विचारायचं?

पहिली गोष्ट, नर्स हवी की अटेंडंट हे आपल्याशी ठरवा. आंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं, हात धरून चालवणं ही अटेंडंटची कामं. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी), सक्शन (घशातला कफ ओढून काढणं), इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग असेल तर शिकलेलं माणूस मागा. ब्यूरोवाले 'आमच्या मावशींना सगळं येतं' असं हमखास सांगतात. आल्यावर पहिल्या दिवशी समोर करून दाखवायला सांगा, त्यात कुणाचा अपमान नाही.

मग पैशांचं. दिवसाचा दर किती, त्यातलं मावशींच्या हातात किती पडतं, नोंदणी फी एकदाच की दर काही महिन्यांनी, महिन्याला सुट्ट्या किती, सुट्टीला बदली कोण आणि तिचे पैसे वेगळे का. सगळा महिना आगाऊ भरू नका. आमच्या गटातल्या एकांनी भरला. मावशी चौथ्या दिवशी गावी गेल्या आणि उरलेल्या पैशांसाठी यांना दोन महिने फोन करावे लागले.

आधारची प्रत आणि पोलिस पडताळणी मागा. दागिने आणि चेकबुकं कपाटात टाका, कारण पुढे कधी काही सापडेनासं झालं की पहिला संशय मावशींवर जातो, आणि बहुतेक वेळा ती वस्तू आपणच कुठेतरी ठेवलेली असते.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही: मावशी जेवणार काय, निजणार कुठे, त्यांना स्वतःचं आवरायला वेळ कोणता. केर, भांडी, घरच्या सगळ्यांच्या पोळ्या हे त्यांचं काम नव्हे. ज्या घरात हे हळूहळू अंगावर टाकलं जातं त्या घरातून मावशी महिन्याभरात जातात आणि मग 'आजकाल माणसंच टिकत नाहीत' अशी तक्रार आमच्याकडे येते.

५. १२ तास बरं की २४ तास?

रुग्ण रात्री उठत असेल तर रात्रीचे १२ तास घ्या. बहुतेक घरं दिवसाचे घेतात नि चुकतात. तुमची झोप भरून आली तर दिवस निभावता येतो. २४ तासांच्या मावशीही माणूसच. रात्रभर जागून त्या दुसऱ्या दिवशी सावध राहतील अशी अपेक्षा ठेवू नका.

६. चार दिवस बाहेर जाताना मावशींना काय सांगून जायचं? तोंडी सांगितलेलं त्या विसरतात.

वही करा. फाइल नको, दोनशे पानी साधी वही, पलंगाशेजारी दोरीने बांधलेली. पहिल्या पानावर औषधं वेळेनुसार, दुसऱ्यावर फोन नंबर, तिसऱ्यावर कोणत्या औषधाची किंवा पदार्थाची ॲलर्जी. हे सगळेच लिहितात. खरा उपयोग होतो तो चौथ्या पानापासून, जिथे माणूस कसं आहे ते लिहायचं. माझ्या वहीतल्या काही ओळी जशाच्या तशा देते:

'पाणी चमच्याने. पेल्याने दिलं की ठसका लागतो. भरवताना पाठ ताठ, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.'

'सकाळची गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. उशीर झाला तर पाय जमिनीला चिकटतात. अडल्या की ओढू नका, फरशीच्या रेघेवर पाय टाका म्हणा.'

'संध्याकाळी सहानंतर घरी जायचंय म्हणतात. हेच घर आहे असं समजावू नका, चिडतात. चपला घालून गॅलरीत नेऊन आणा.'

'दादा म्हणजे त्यांचे वडील. जाऊन पन्नास वर्षं झाली. विचारलं तर मळ्यात गेलेत म्हणा.'

मावशींना वाचता येत नसेल तर तेच मोबाइलवर बोलून ठेवा, एकेक मिनिटाचे तुकडे करून. आणि जाण्याआधी एक दिवस तुम्ही घरात असताना सगळं त्यांच्याकडून करून घ्या. तुम्ही हात लावायचा नाही, बाहेरच्या खोलीत बसायचं.

७. आई परक्या बाईला अंगाला हात लावू देत नाही. मी नसले की जेवतही नाही.

सुरुवात आंघोळीपासून करू नका. परक्या हाताने कपडे उतरवणं कुणालाही नकोच वाटेल. पहिले काही दिवस मावशींनी फक्त शेजारी बसायचं, शेंगा सोलायच्या, वेणी घालायची, चहा द्यायचा. मावशी 'कामाला' आल्यात असं न सांगता 'माझ्या ओळखीच्या आहेत, आठवडाभर राहणारेत' म्हणून ओळख करून दिलेली चालते. आईच्या बोलीतली, तिच्या भागातली बाई मिळाली तर काम निम्मं होतं. खानदेशातल्या एका आजींनी पुण्यात दोन मावशी पळवल्या. तिसरी जळगावकडची आली, तिने कळण्याची भाकरी केली आणि आजी जेवल्या.

न जेवणं दोन दिवसांपलीकडे गेलं, किंवा पाणीच घेत नसेल, तर ते हट्ट म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

८. पहिल्यांदाच बाबांना मुक्कामाला ठेवतोय. किती दिवस? आणि परत आल्यावर ते जास्त बिघडतात असं ऐकलंय.

आधी एक दिवस, मग दोन रात्री, मग आठवडा. पहिल्याच वेळी महिनाभर ठेवून सहलीला जाऊ नका. स्मृतिभ्रंशात जागा बदलली की काही दिवस गोंधळ वाढतो, झोप उडते, हे खरं आहे. घरची गोधडी, त्यांचा ट्रान्झिस्टर, देव्हाऱ्यातला एखादा ओळखीचा फोटो सोबत द्या. औषधं मूळ पाकिटात, मोजून.

सोडताना आणि आणताना अंग नीट पाहा: माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं. लालसर डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर ती बेडसोरची सुरुवात. खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली गेली की नाही हे तिथल्या नोंदीपेक्षा त्वचा जास्त खरं सांगते. वजनही करा.

सावध करणारी एकच गोष्ट. एकदोन दिवसांत माणूस अचानक सुस्त झालं, बरळायला लागलं, ओळख पार हरवली, तर 'जागा मानवली नाही' असं म्हणून थांबू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, चुकलेलं औषध अशी कारणं असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टर.

९. तीन वृद्धाश्रमांना विचारलं. 'स्वतःचं स्वतः करणारे असतील तरच' म्हणतात. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

त्यांचं चुकत नाही. बऱ्याच वृद्धाश्रमांकडे शुश्रूषेला माणसंच नसतात, आणि नसताना हो म्हणणाऱ्यांपेक्षा नाही म्हणणारे बरे. तुम्हाला शुश्रूषा केंद्र किंवा दीर्घकालीन काळजी घेणारं नर्सिंग होम हवंय. गटातल्या काहींनी ओळखीच्या छोट्या रुग्णालयात खोली घेऊन आपल्याच मावशींना तिथे सोबत ठेवलं. महाग पडतं, पण पाचसहा दिवस निभावतात. कुठेही ठेवा, एकदा न सांगता दुपारी जेवणाच्या वेळी जाऊन या आणि आधी नाकाला काय कळतं ते पाहा.

१०. वडिलांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे. आई पार थकलीय. हॉस्पिसमध्ये ठेवलं तर आता परत आणता येणार नाही का?

आणता येतं. हॉस्पिस म्हणजे शेवटची खोली असा आपल्याकडे समज आहे, म्हणून लोक फार उशिरा विचारतात. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ चं, भारतातलं पहिलं हॉस्पिस. कॅन्सर खूप पुढे गेलेल्या रुग्णांची तिथे विनामूल्य शुश्रूषा होते. गोव्यातही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, केंद्र १९९७ पासून आहे. तिथेही खर्च घेत नाहीत, आणि घरचं माणूस रुग्णासोबत राहतं. वेदना, धाप, उलट्या आटोक्यात आणायच्या, घरच्यांना करायला शिकवायचं आणि घरी पाठवायचं, अशा थोड्या दिवसांच्या भरतीही होतात.

जाताना सगळे रिपोर्ट आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी न्या. आईला एक वाक्य आधी सांगून ठेवा, की आपण बाबांना सोडून येत नाही, तूही तिथे असणार आहेस.

११. मुलगा २६ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे. वृद्धांच्या सगळ्या सोयी सांगतात, आमच्यासाठी काही आहे का?

आहे, आणि कागदावर तरी तुमच्याचसाठी सगळ्यात स्पष्ट आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता हे चार गट येतात. या न्यासाची 'समर्थ' ही योजना थेट रेस्पाइटसाठीच सुरू झाली, 'विकास' दिवसाच्या केंद्रांसाठी, 'घरौंदा' कायमच्या निवासासाठी; आता 'समर्थ' आणि 'घरौंदा' एकत्र केलेत. केंद्रं नोंदणीकृत संस्था चालवतात आणि ती सगळ्या जिल्ह्यांत नाहीत. त्यामुळे न्यासाच्या संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्याजवळचं केंद्र शोधून फोन करून जागा विचारावी लागते.

सोबत दोन कामं करून टाका. 'निरामय' आरोग्य विमा वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. दुसरं, मुलगा १८ च्या पुढे गेलाय म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही आपोआप त्याचे पालक उरलेले नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करा.

१२. मेडिक्लेममधून मावशींचा पगार किंवा रेस्पाइटचा खर्च मिळतो का?

पॉलिसीच्या पुस्तिकेत 'रेस्पाइट केअर' हे शब्द सापडतात, पण 'काय मिळणार नाही' या यादीत. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळण्यांमध्ये पाचव्या क्रमांकावर विश्रांती, पुनर्वसन आणि रेस्पाइट यांचा खर्च आहे. आंघोळ घालणं, कपडे करणं, हिंडवणं यासाठी घरी किंवा केंद्रात ठेवलेल्या माणसाचे पैसे त्यात बसत नाहीत. ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण तेही रुग्णालयात भरती झाल्यावर. एजंट काही वेगळं सांगत असेल तर लेखी मागा.

१३. आयकरात तरी काही सूट? आणि सरकार करणाऱ्याला भत्ता वगैरे देतं का?

सूट जुन्या करप्रणालीत आहे, नव्या प्रणालीत यातलं काही मिळत नाही. १९६१ च्या कायद्यातलं ८०डीडी हे कलम अवलंबून असलेल्या अपंग नातेवाइकासाठी. प्रत्यक्ष खर्च किती झाला ते न पाहता ७५,००० रुपये, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. ८०डीडीबी ठरावीक आजारांच्या उपचारासाठी, ज्येष्ठांकरता १ लाखापर्यंत. त्या यादीत स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सन्स आहेत, तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आईवडील साठीपुढचे असून त्यांचा विमाच नसेल तर ८०डी खाली औषधोपचाराचे ५०,००० पर्यंत, पैसे रोखीने दिलेले नसावेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा सीएकडे जाताना क्रमांक न सांगता विषय सांगा.

भत्त्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम' नावाची योजना आहे, महिना ६०० रुपये. आपल्या संजय गांधी निराधार योजनेचे पैसे लाभार्थी म्हणून रुग्णाला मिळतात, त्याचं करणारीला नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत कमी उत्पन्नाच्या, ६५ वर्षांवरच्या व्यक्तीला साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. कमोड खुर्ची आणि वॉकर तरी होतो.

१४. नोकरीत यासाठी रजा मिळते का?

केंद्र सरकारी कर्मचारी दिव्यांग आईवडील, जोडीदार, मुलं किंवा भावंडांचं करत असेल तर नेहमीच्या बदल्यांमधून सूट मागता येते. खासगी नोकरीत आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी वेगळी रजा द्यायला लावणारा कायदा नाही, सगळं कंपनीच्या धोरणावर. साहेबांना 'घरी अडचण आहे' असं मोघम सांगू नका. 'मंगळवारी आणि शुक्रवारी फिजिओथेरपिस्ट येतात, त्या दिवशी अकराला येईन' असं मागितलं की हो म्हणणं सोपं जातं.

१५. सगळं मीच करते. दीर-नणंदा फोनवर सल्ले देतात. त्यांच्याकडून काय मागू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि नव्वद टक्के वेळा विचारणारी सून असते (नव्वद हा आपला माझा अंदाज, मोजलेलं नाही). गंमत बघा, २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाची जबाबदारी असलेल्या 'अपत्यां'च्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. २०१९ मध्ये सून-जावई घालणारं दुरुस्ती विधेयक आलं, ते मंजूर झालं नाही. म्हणजे ज्यांचं नाव कायद्यात आहे ते सल्ला देतात.

'मदत करा' असं मागू नका, त्याला कुणी नाही म्हणत नाही आणि कुणी येतही नाही. तारीख मागा. 'दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार आई तुमच्याकडे' किंवा 'तुम्ही येऊन राहा, मी माहेरी जाते'. जे लांब आहेत, अमेरिकेत किंवा आखातात आहेत, त्यांनी रात्रीच्या मावशींचे पैसे थेट भरायचे, औषधं ऑनलाइन मागवायची, विम्याचे नि बँकेचे फोन लावायचे. हे सगळं लांबून होतं. आमच्या नणंदेने शेवटची दोन वर्षं सुट्टीत आठ दिवस येण्याऐवजी तीन आठवडे येऊन सासूबाईंचं केलं. पहिल्यांदा आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिने मला फोन केला, 'वहिनी, आई रात्री चार वेळा उठते?' मी म्हटलं, हो. त्यानंतर तिचे सल्ले थांबले.

बोलणं फिसकटलं तर प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात निर्वाहासाठी अर्ज करता येतो, पण तो आईवडिलांच्या वतीने, सुनेच्या थकव्यासाठी नाही.

१६. बाबांना आता काही समजत नाही. त्यांनी पूर्वी केलेलं मुखत्यारपत्र आहे, त्यावर केंद्राचे पैसे त्यांच्या खात्यातून भरू ना?

इथे बरेच जण फसतात. १८७२ च्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की तो अधिकार संपतो. म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. त्याआधीच संयुक्त खातं, नॉमिनेशन, इच्छापत्र उरकायला हवं. वेळ निघून गेली असेल तर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा मार्ग आहे, त्याला वकील लागेल. प्रश्न ११ मधली स्थानिक स्तर समिती स्मृतिभ्रंशासाठी नाही.

१७. भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आम्हाला महिनाभर विश्रांती म्हणून त्याला मनोरुग्णालयात ठेवता येईल का?

त्याची स्वतःची संमती असेल तर भरती होऊ शकते, पण तीही डॉक्टरांना त्याची गरज वाटली तर. संमती नसताना २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली 'आधारासह भरती' होते, पहिल्यांदा ३० दिवसांपर्यंत. त्याला किंवा दुसऱ्यांना धोका असणं, किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, अशा अटी आहेत. घरचे थकले हे त्यात कारण नाही.

तुम्हाला हवंय ते डे सेंटर किंवा हाफवे होम, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ पासून काम करते, तिथे कुटुंबीयांचे गटही आहेत. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ इथे रुग्णाला 'शुभार्थी' आणि करणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मला पहिल्यांदा हे शब्द जरा गोडगोड वाटले होते. मग एका सभेत अनोळखी बाईंनी विचारलं, 'तुम्ही शुभंकर का?' आणि सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी चौकशी केली.

१८. आम्ही तालुक्यापासून २० किलोमीटरवर. ना ब्यूरो, ना केंद्र. मग हे सगळं शहरातल्यांसाठीच का?

केंद्रं शहरात आहेत, हे खरं. पण करायला शिकवलं तर गावातलं माणूसही उत्तम करतं. गोव्यात स्मृतिभ्रंशाच्या ८१ कुटुंबांमध्ये झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक कार्यकर्त्यांना थोडं प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं, त्यांनी आजार समजावला, वागणं कसं हाताळायचं ते सांगितलं, ऐकून घेतलं. सहा महिन्यांत करणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाल्याचं दिसलं.

तुमच्या आळीतली एक बाई निवडा, बाळंतिणीचं, म्हाताऱ्यांचं करायची जिला सवय आहे अशी. पैसे ठरवून द्या, शेजारधर्मावर फार दिवस ओढू नका. आठवड्याला दोन दुपारी तिच्या. आशाताईंना सांगून ठेवा, आणि जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह विभाग आहे का, घरी येतात का, ते विचारा.

१९. काल मी आईवर हात उगारला. कुणाला सांगू?

आम्हाला सांगितलंत, बरं केलंत. असे निरोप बहुतेक रात्री दोननंतर येतात. पुन्हा तसा क्षण आला तर आई सुरक्षित बसलेली आहे एवढं पाहून खोलीबाहेर या, दार लोटा, दहा मिनिटं बाहेर थांबा. डायपर दहा मिनिटं उशिरा बदलला तर काही होत नाही.

टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांसंबंधी कुठलीही मदत हवी असेल तर एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. आणि उद्या सकाळी एका माणसाला फोन करून येत्या दोन दिवसांतले चार तास मागा. हात पुन्हा उगारला गेला, किंवा आईला लागलं, तर तिला काही दिवस दुसऱ्याच्या हाती देणं तातडीचं आहे. ते डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, लपवू नका.

२०. आणि आम्ही बाहेर असतानाच काही झालं तर?

होऊ शकतं. आमच्या गटात दोघांच्या बाबतीत झालंय. एक काका आठ वर्षांत पहिल्यांदा गाणगापूरला गेले होते, काकू त्याच रात्री गेल्या. काका अजून म्हणतात, मी नसतानाच का. तिथे असलेल्या मावशी सांगतात की काकूंनी नऊला दूधभात खाल्ला आणि झोपेतच गेल्या, कुणाला हाकसुद्धा मारली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

म्हणून निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर, औषधांच्याही वर, हे लिहा: अचानक बिघडलं तर रुग्णालयात न्यायचं की नाही, नेलं तर कुठल्या, व्हेंटिलेटर नको असेल तर तसं. पहिला फोन कुणाला, तो उचलला नाही तर दुसरा कुणाला. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला देणारे डॉक्टर कोण, आणि रात्री ते येतील का हे त्यांना आधी विचारून ठेवा. या दाखल्यावाचून स्मशानात अडतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, त्याची घाई नसते. अंत्यविधीसाठी तुमची वाट पाहायची की नाही, हेही लिहा. काकांनी ते लिहिलं नव्हतं. शेजाऱ्यांनी त्यांच्यासाठी दुपारी दोनपर्यंत थांबवून ठेवलं.